रवी फिरवायची की डेरा?

मराठीत या धातूला तीन नावं आहेत : बीड, लोखंड आणि पोलाद. बोलताना आपण सगळ्यालाच लोखंड म्हणतो. पण बिडाचा फुटका तवा घेऊन लोहाराकडे गेलात आणि याचा कोयता करून दे म्हणालात, तर तो तुमच्याकडे बघतच राहील. बीड ओतता येतं, पण घडवता येत नाही. घण बसला की त्याचे तुकडे होतात. घडीव लोखंडाचं उलट. ते वाकवा, पिळा, ताणा, पांढरं होईपर्यंत तापवून दोन तुकडे एकमेकांत सांधा, ते ऐकतं. पोलाद या दोघांच्या मधलं. त्याला पाणी देता येतं, म्हणून त्याला धार टिकते.

हा सगळा फरक कार्बनचा, म्हणजे कोळशातून लोखंडात शिरणाऱ्या अंशाचा. बिडात तो शंभर भागांत साडेतीन-चार भाग असतो. पोलादात बहुधा एका भागाहून कमी, आणि घडीव लोखंडात जवळजवळ नसतोच. माझी पदवी कला शाखेची आणि व्यवहार कवितेचा. भट्टीचं शास्त्र मला वर्गात कोणी शिकवलेलं नाही. पण या तीन शब्दांच्या मागे जाता जाता मी दीडशे वर्षांपूर्वीच्या एका यंत्रापाशी पोचलो. ते यंत्र म्हणजे फिरणारी भट्टी. घडीव लोखंड करणाऱ्या माणसाचे हात सोडवायला ती निघाली होती. तिची गोष्ट आज सांगायची आहे.

पेण-रोह्याच्या माणसांना ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. पेणहून रोह्याला रस्त्याने यायचं तर वडखळ ओलांडल्यावर डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसतात. रोह्याहून रेवदंड्याकडे कुंडलिकेच्या काठाने गेलात, तर खाडीच्या मुखापाशी साळावचा कारखाना. आपल्या घरातली कितीतरी माणसं या दोन्ही ठिकाणी पाळीवर जातात. त्यांच्या कामाची मुळं फार जुनी आहेत, आणि त्यातलं एक मूळ आपल्याच सह्याद्रीत आहे.

सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात जांभा दगड आहे. त्याचा तांबूस रंग लोखंडाचा. महाबळेश्वरच्या पठारावर या दगडातलं लोखंड काढणारी जमात होती, तिचं नाव धावड. साताऱ्याच्या जुन्या इंग्रजी गॅझेटियरात त्यांची नोंद आहे. धावड मुसलमान. पण आजूबाजूच्या कोळी, कुणबी, धनगरांपासून ते चटकन वेगळे ओळखू येत नसत, असं तिथे लिहिलेलं आहे. मला ती नोंद वाचताना बरं वाटलं. डोंगरात राहणाऱ्याला डोंगराचीच बोली आणि डोंगराचाच पेहराव असणार.

अशा जुन्या भट्टीची रीत साधी होती. मातीची, माणसाच्या छातीइतकी भट्टी. तिच्यात लोणारी कोळशाचा थर, वर फोडलेल्या दगडाचा थर, परत कोळसा. खालून कातड्याच्या भात्याने वारा. दगडातलं लोखंड प्राणवायूला धरून बसलेलं असतं. जळत्या कोळशाचा वायू तो प्राणवायू ओढून घेतो आणि लोखंड मोकळं होतं. पण या भट्टीची धग लोखंड वितळण्याइतकी नसते. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. म्हणून तळाशी जमतो तो रस नसतो, तर मळीने भरलेला, भोकाभोकांचा, मऊ लाल गोळा. तो बाहेर ओढून घणाने बडवायचा. मळी पिळून बाहेर पडते आणि हातात येतं ते घडीव लोखंड. दिल्लीचा सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचा, सहा टनांहून जड लोहस्तंभ अशाच गोळ्यांना एकमेकांवर बडवून, सांधून केलेला आहे. कोकणातल्या लोहाराच्या विळ्याचं आणि त्या स्तंभाचं कूळ एकच.

यात लोखंडाइतकाच महत्त्वाचा होता कोळसा, आणि कोळसा म्हणजे जंगल. आपल्या भागात कोळशाच्या भट्ट्या म्हटलं की कातकरी आठवतात. काथ पाडणारी ही जमात. पुढे ठेकेदारांकडून उचल घेऊन कोळसा पाडायला रानोमाळ जाणं तिच्या नशिबी आलं. पेण, रोहा, सुधागडच्या वाड्यांमधली कितीतरी कुटुंबं या उचलीच्या फेऱ्यात पिढ्यान् पिढ्या अडकली. लोखंडाच्या इतिहासात भट्टी लावणाऱ्याचं नाव क्वचित येतं, कोळसा पाडणाऱ्याचं तर येतच नाही.

आता जरा विलायतेकडे जाऊ. तिथेही जंगल संपत आलं होतं. म्हणून अठराव्या शतकात इंग्रज लोहउत्पादक दगडी कोळशाकडे वळले. मोठ्या उंच भट्ट्या आल्या. त्यांची धग जबरदस्त, त्यामुळे लोखंड वितळून वाहू लागलं. पण वितळता वितळता त्याने भरपूर कार्बन पिऊन टाकला आणि बाहेर आलं ते कच्चं बीड. तोफगोळ्याला, खांबाला ठीक, पण नांगराच्या फाळाला, साखळीला, गाडीच्या आसाला निरुपयोगी. बीड ढीगभर आणि घडीव लोखंड चिमूटभर, अशी गत झाली.

यावर उपाय काढला हेन्री कॉर्ट या इंग्रजाने. १७८४ मध्ये त्याने पेटंट घेतलं. त्याची भट्टी आडवी, बुटकी, चुलाण्यासारखी. एका बाजूला कोळसा जळतो, मधे बुटकी भिंत, पलीकडे बीड. कोळसा लोखंडाला शिवत नाही, फक्त ज्वाळा छताला आपटून त्याच्यावर येते. वितळलेल्या बिडात एक माणूस दाराच्या छोट्या भोकातून लांब लोखंडी सळई घालतो आणि ढवळतो. ढवळताना कार्बन जळून जातो. या ढवळण्याला इंग्रजीत ‘पडलिंग’ म्हणतात. १८३० च्या सुमारास जोसेफ हॉलने भट्टीच्या तळाला लोहभस्माचं अस्तर दिलं. त्यातला प्राणवायू आणि बिडातला कार्बन भेटले की सगळा रस दुधासारखा उतू येऊ लागे आणि त्यावर निळ्या ज्योती नाचत.

आपल्या आयाबायांना हे समजावून सांगायची गरज नाही. डेऱ्यात ताक आहे, रवी फिरते आहे. बराच वेळ काहीच दिसत नाही. मग अचानक कण दिसू लागतात, कण कणाला चिकटतो आणि लोण्याचा गोळा होतो. इथे तसंच. बीड साधारण साडेअकराशे ते बाराशे अंशांवर पातळ होतं. कार्बन निघून जाऊ लागला की लोखंड शुद्ध होतं, आणि शुद्ध लोखंडाला वितळायला जास्त धग लागते. भट्टीत तेवढी धग नसते. म्हणून पातळ रसात घट्ट कण धरतात. तीच धग, तोच रस, पण डोळ्यांदेखत लोखंडाचं लोणी येतं. मग सळईने ते कण गोळा करून पाचसहा गोळे वळायचे, एकेक सुमारे ३५-४० किलोचा. सांडशीत धरून तो पेटता, मळी ठिबकणारा गोळा हातोड्याखाली न्यायचा.

आता रवी फिरवणाऱ्याकडे बघा. एका घाण्यात दोन-सव्वादोनशे किलो बीड. एका घाण्याला दीड-दोन तास. बारा तासांच्या पाळीत असे सहा घाणे. समोर पांढरी शुभ्र आग, तिच्यात सतत रोखून बघायचं, कारण कण कधी धरतात ते नजरेनेच कळायचं. सळई लाल होऊन मऊ पडायची, ती बदलायची. रस घट्ट होत जाईल तसं ढवळणं जड होत जायचं. फार थोडी माणसं हे काम उतारवयापर्यंत करू शकत. पण जो करी, तो कारखान्याचा राजा असे. त्याला कोणी सांगू शकत नसे की आता थांब, आता गोळा वळ. ते फक्त त्यालाच दिसे. त्याने हात थांबवला की सगळा कारखाना थांबे.

एकोणिसाव्या शतकाचा सांगाडा या हातांनी घडवला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली आगगाडी निघाली. तेव्हाचे रूळ पोलादाचे नव्हते, ते घडीव लोखंडाचे होते आणि बोटीने आले होते. मुंबईत काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत १८६० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. तिचा बिडाचा आणि घडीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात तयार होऊन इथे जोडला गेला. पुढे १८८९ मध्ये पॅरिसला उभा राहिलेला आयफेल मनोरा पोलादाचा असेल असं पुष्कळांना वाटतं. तोही ढवळून केलेल्या घडीव लोखंडाचाच आहे. सुमारे ७३०० टन लोखंड, १८,०३८ भाग आणि २५ लाख रिव्हेट.

या व्यवहाराची एक खूण आपल्या जिल्ह्यातच आहे. अलिबागला ओहोटी बघून कुलाबा किल्ल्यात गेलात, तर उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा दिसतात. त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर आयर्न वर्क्सचं नाव आहे. तोफा ओतीव आहेत. पण हा लो मूर कारखाना जगभर गाजला तो त्याच्या घडीव लोखंडासाठी. इंजिनांच्या बॉयलरला त्याच्या पत्र्याचा मान मोठा. १७९१ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याने १९५७ पर्यंत घडीव लोखंड केलं. आंग्र्यांच्या किल्ल्यात लहान मुलं त्या तोफांवर बसून फोटो काढतात. त्या नावामागे आगीत डोळे घालून ढवळणारी माणसं होती, हे मला तरी फार उशिरा कळलं.

या स्वस्त विलायती लोखंडाने आपल्याकडे काय केलं? लोहार टिकला, कारण त्याला कच्चा माल कुठूनही चालतो. बोटीने आलेल्या सळया आणि पट्ट्या त्याला बऱ्याच पडल्या. मेला तो धावड. महाबळेश्वरावर १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या पुढाकाराने गोऱ्या साहेबांसाठी हवा खायचं ठिकाण वसलं. भट्ट्यांना कोळसा लागतो आणि कोळशाने जंगल जातं, म्हणून पुढे तिथे लोखंड गाळायला बंदी झाली. कोल्हापूर, रत्नागिरीकडेही विलायती माल आणि महागलेलं सरपण यांनी हा धंदा संपवला. धावड मजुरी करू लागले. जंगल राखणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण त्याच काळात रेल्वेच्या स्लीपरांसाठी झाडं तुटत होती, हेही त्याच सरकारच्या दप्तरात आहे. एकाची भट्टी जंगलाची शत्रू ठरली आणि दुसऱ्याची रेल्वे प्रगती ठरली.

आता यंत्राकडे येतो. कारखानदारांच्या डोळ्यांत पडलर सलत होता. रूळ हवेत हजारो टन, आणि माणूस एका वेळी करणार दोनशे किलो. शिवाय तो कुशल, म्हणून मजुरी मागणार, संप करणार. दयाळू माणसांनाही त्याची दशा बघवत नव्हती. दोन्ही प्रकारच्या माणसांच्या मनात एकच विचार आला. रवी फिरवायला माणूस लागतो ना? मग रवी काढून टाकू आणि डेराच फिरवू.

वेल्समधल्या डाउलाइस कारखान्याचा व्यवस्थापक विल्यम मेनेलॉस याने १८६० च्या दशकात असे फिरणारे डेरे करून पाहिले. अस्तर टिकेना, म्हणून त्याने नाद सोडला. मग अमेरिकेत सिनसिनाटीच्या लोखंड कारखान्यातल्या सॅम्युअल डँक्स या इंग्रज कारागिराने ते काम तडीस नेलं. त्याची भट्टी म्हणजे आडवं, लोखंडी, पिंपासारखं नळकांडं. ते रुळांवर बसवलेलं, वाफेच्या इंजिनाने सावकाश फिरणारं. एका तोंडाने आग आत येते, दुसऱ्या तोंडाने धूर बाहेर जातो. ते दुसरं तोंड बाजूला सरकवता येतं, तिथूनच माल आत जातो आणि गोळा बाहेर येतो. आतून लोहखनिजाचं अस्तर. बीड आत पडलं की पिंप फिरतं, रस भिंतीवरून वर चढतो आणि परत कोसळतो. सळई नाही, ढवळणारा नाही. शेवटी कण धरतात आणि फिरता फिरता आपोआप एकच मोठा गोळा होतो. हाताने वळलेल्या गोळ्याच्या कितीतरी पट मोठा.

१८७१ मध्ये डँक्सने इंग्लंडच्या आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटपुढे आपलं काम मांडलं आणि खळबळ उडाली. संस्थेने तीन जणांचं मंडळ अमेरिकेला धाडलं : स्नेलस, जोन्स आणि लेस्टर. परीक्षा खरी व्हावी म्हणून त्यांनी इंग्लंडमधलं बीड सोबत नेलं. अहवाल चांगला आला. मिडल्सबरो भागात फिरत्या भट्ट्या उभ्या राहिल्या. मोठा पैसा गुंतला. पडलरचे दिवस भरले, असं सगळ्यांना वाटलं.

आणि चारपाच वर्षांत तो सगळा डोलारा बसला.

का बसला, याची कारणं मला फार शिकवणारी वाटतात. पहिलं कारण अस्तराचं. स्थिर भट्टीत अस्तर खालीच असतं. फिरत्या भट्टीत ते कधी खाली, कधी डोक्यावर. दर फेरीला त्याला धगीचा आणि वजनाचा मार बसतो. ते ढासळायचं, भट्टी थंड करून परत लावायला लागायचं. दुसरं कारण गोळ्याचं. एवढा जड गोळा पिळायला, बडवायला कारखान्यातलं बाकीचं एकही यंत्र पुरेसं नव्हतं. एक बदललं म्हणून सगळंच बदलणं आलं. तिसरं कारण नजरेचं. बीड बिडात फरक असतो. कुठल्यात सिलिकॉन जास्त, कुठल्यात फॉस्फरस. पडलर ते रंगावरून, उतू येण्यावरून, सळईला लागणाऱ्या जोरावरून ओळखायचा आणि प्रत्येक घाणा वेगळ्या रीतीने सांभाळायचा. पिंप मात्र सगळ्यांना सारखंच फिरवायचं. मग गोळ्याच्या एका भागात चांगलं लोखंड आणि दुसऱ्या भागात अर्धं कच्चं. यंत्राने पडलरच्या दंडाची हालचाल उचलली होती. ती हालचाल कधी मंद करायची, कधी थांबवायची, हे त्याच्यात उतरलं नव्हतं.

त्यात १८७३ नंतर मंदी आली, आणि तिकडे पोलाद स्वस्त होत चाललं होतं. हेन्री बेसेमरने १८५६ मध्येच दाखवलं होतं की वितळलेल्या बिडातून नुसता वारा फुंकला, तर पंधरा-वीस मिनिटांत कार्बन जळतो आणि सगळा रस पातळच राहतो. म्हणजे रवी नको आणि डेरा फिरवायलाही नको, नुसती फुंकर पुरे. अडचण एकच होती. बेसेमरच्या पात्रात फॉस्फरस जात नसे, आणि फॉस्फरस असलेलं पोलाद ठिसूळ. पडलरच्या भट्टीत तो जात असे, म्हणून पडलर आणखी काही वर्षं टिकला. गंमत बघा, डँक्सची भट्टी तपासायला गेलेल्या तिघांपैकी जॉर्ज स्नेलस यानेच १८७२ मध्ये चुन्याच्या अस्तराचं पेटंट घेतलं. सिडनी गिलख्रिस्ट थॉमसने १८७९ पर्यंत ती युक्ती व्यवहारात आणली आणि फॉस्फरसचा प्रश्न सुटला. १८८३ मध्ये दोघांना बेसेमर पदक मिळालं. फिरती भट्टी फसली, पण तिच्या परीक्षकानेच घडीव लोखंडाच्या युगाचा शेवट जवळ आणला. पडलरला यंत्राने हरवलं नाही. त्याचा मालच कोणाला नकोसा झाला.

फिरणाऱ्या डेऱ्याची कल्पना मात्र मेली नाही. विल्यम सीमेन्सने १८७० च्या दशकात बीड न करता सरळ खनिजापासूनच लोखंड काढायला फिरती भट्टी वापरून पाहिली. फ्रेडरिक रॅन्समने १८८५ मध्ये सिमेंटसाठी फिरत्या भट्टीचं पेटंट घेतलं. आज जगातलं बहुतेक सिमेंट तशाच भट्टीत भाजलं जातं. आणि विसाव्या शतकात ती लोखंडाकडे परत आली, तीही आपल्या देशात. १९८० मध्ये आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) पाल्वंचाला आपल्याकडचा पहिला कोळशावरचा स्पंज आयर्न कारखाना सुरू झाला. आपल्या राज्यात चंद्रपूरजवळ घुग्घुसला अशा भट्ट्या आहेत. किंचित उताराचं, मोठं असलं तर ८० मीटरपर्यंत लांबीचं नळकांडं. वरच्या तोंडातून खनिज आणि साधा दगडी कोळसा आत जातो, आठ-दहा तास लोळत लोळत खाली येतो. धग हजार अंशांच्या आसपास. खनिज वितळत नाही, त्यातला फक्त प्राणवायू निघून जातो आणि त्याच्या जागी भोकं राहतात. म्हणून त्याला स्पंज आयर्न म्हणतात. गेल्या वीसेक वर्षांत बहुतेक वेळा या मालाच्या उत्पादनात भारत जगात पहिला राहिला आहे, आणि आपल्याकडचा निम्म्याहून जास्त माल अशा फिरत्या भट्ट्यांतून येतो.

डोलवी आणि साळावच्या भट्ट्या वेगळ्या. त्या फिरत नाहीत, उभ्या आहेत. वरून खनिज उतरतं, खालून तापवलेला वायू चढतो. डोलवीला १९९४ पासून अशी भट्टी आहे. तेव्हा तो कारखाना इस्पातचा होता, २०१० च्या अखेरीस तो जेएसडब्ल्यूकडे आला. साळावचा विक्रम इस्पात पुढे वेलस्पनकडे आणि २०१४ मध्ये जेएसडब्ल्यूकडे गेला. नावं बदलली, आतली क्रिया तीच राहिली. आणि ती क्रिया धावडांना अनोळखी वाटली नसती. लोखंड वितळू द्यायचं नाही, नुसता प्राणवायू काढून घ्यायचा, तळाशी भोकाभोकांचा मऊ ऐवज जमवायचा. जांभ्याच्या पठारावर मातीच्या भट्टीत हेच चाललं होतं. फरक एवढाच की तो गोळा घणाखाली जायचा, आणि आजचा माल विजेच्या भट्टीत वितळून पोलाद होतो.

म्हणून ‘मागासलेली रीत’ हे शब्द वापरताना मी अडखळतो. धावडाची रीत शास्त्र म्हणून खोटी नव्हती. ती हरली कोळशाच्या हिशेबात, बोटीच्या भाड्यात आणि सरकारच्या हुकमात. तसंच पडलरचं. त्याची जागा घ्यायला निघालेलं यंत्र हुशार माणसांनी केलं होतं, पण त्यांनी त्याला दंड समजलं. तो नजर होता. ज्या कामात आज आपण कॅमेरे आणि संगणक बसवून माणूस कमी करतो, तिथेही हाच प्रश्न आहे. त्या माणसाला काय काय कळत होतं, हे त्याला कोणी नीट विचारलं होतं का? आणि त्याची सुटका होते आहे की नुसती सुट्टी, हेही विचारायला हवं. फिरती भट्टी यशस्वी झाली असती तर पडलरची आग सुटली असती हे खरं, पण भाकरीचं काय, याचं उत्तर त्या अहवालात शोधायला गेलं तर कशाला मिळेल?

आमच्यात लोखंडाला मान आहे. कुराणाच्या ५७ व्या अध्यायाचं नाव ‘हदीद’, म्हणजे लोखंड. हजरत दाऊद यांच्या हाती लोखंड मऊ करून दिलं होतं, अशी श्रद्धा आहे. म्हणून पुष्कळ मुसलमान लोहार त्यांना आपल्या हुन्नराचे आद्य उस्ताद मानतात. आपल्याकडचे पांचाळ विश्वकर्म्याला मानतात. रोह्याच्या बाजारात माझ्या लहानपणी एक म्हातारे लोहारकाका होते. मोडक्या बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव कोणी आणली की ते खूश व्हायचे. म्हणायचे, हे जुनं लोखंड गुणाचं, सांधा लगेच धरतं. आता मला कळतं की ती धाव बहुधा घडीव लोखंडाची असणार. त्यात मळीचे बारीक धागे राहिलेले असतात. म्हणून ते तुटताना उसासारखं किंवा बांबूसारखं रेषारेषांनी फाटतं आणि सांधताना मदत करतं. काकांना कार्बन ठाऊक नव्हता. पण घणाखाली लोखंड काय बोलतं ते त्यांना ऐकू यायचं.

इंग्लंडमध्ये बोल्टन गावच्या एका कारखान्यात शेवटची पडलिंग भट्टी १९७३ मध्ये विझली. तिथली यंत्रसामग्री आयर्नब्रिजजवळच्या ब्लिस्ट्स हिलच्या संग्रहालयात नेऊन ठेवली आहे. आपल्या माणसांचे कष्ट त्यांनी निदान काचेमागे तरी ठेवले. आपल्याकडे धावडाची भट्टी कशी होती, भाता कसा धरायचा, कोणत्या झाडाचा कोळसा चालायचा, हे दाखवणारी एखादी खोली महाबळेश्वरात व्हायला हरकत नाही. दरवर्षी लाखो लोक तिथे येतात. स्ट्रॉबेरीबरोबर हेही बघतील. आणि अलिबागच्या त्या दोन तोफांपाशी चार ओळींची मराठी पाटी लावायला फार खर्च येणार नाही.

तोवर एक काम घरच्या घरी करता येईल. माळ्यावर, गोठ्यात, पडवीत जुनी धाव पडलेली असेल, जुन्या वाड्याच्या खिडकीचे गज असतील, आजोबांच्या वेळची पहार असेल. किलोच्या भावाने भंगारात देण्याआधी ती एकदा जाणत्या लोहाराला दाखवा. आता तसं लोखंड कोणी करत नाही. जुन्या इमारती दुरुस्त करणारे ते शोधत फिरतात आणि बहुतेकदा जुनंच वितळवल्याविना परत घडवून घेतात. लोहार म्हणाला की हे गुणाचं आहे, तर ठेवून द्या. ते कोणाच्या तरी हाताने ढवळलेलं असेल.